उजेड आहे तोवर

दीपक सरांनी चालू फिल्म मध्येच थांबवली आणि पडद्यावर भुवाजी मान वर करून थिजल्या. बोटं मूगडाळीच्या वाटणात, पदर एका कानामागे सरकलेला, आणि नजर वर, चौकटीच्या बाहेर कुठेतरी. जळगावच्या त्या कॉलेजातला फिल्मचा वर्ग, तीस-बत्तीस पोरं, आणि पहिला सराव अगदी साधा: एक माणूस, एक काम, एक मिनिट, बोलणं नाही. हिनानं धुळ्याला घरी जाऊन गच्चीवर मंगोड्या म्हणजे मुगाचे सांडगे घालणाऱ्या भुवाजी, तिच्या आत्या, टिपून आणल्या होत्या. आपलं मिनिट बरं झालंय अशा समजुतीत ती मागच्या बाकावर आरामात बसली होती, आणि सरांनी विचारलं, "ही बाई वर काय बघतेय?" अख्खा वर्ग तिच्याकडे वळला. हिनाला आधी कळेचना, कारण ती नजर तिनं शूट करताना पाहिलीच नव्हती. तिचं सगळं लक्ष बोटांवर होतं. मग एकदम कळलं. सूर्य, ती म्हणाली. भुवाजी सूर्य बघतात. दिवस मावळायला किती अवकाश आहे ते बघतात, कारण मावळल्यावर त्या जेवत नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत, दुसऱ्या दिवशी सूर्य चांगला वर येईपर्यंत. पुढच्या बाकावर कुणीतरी फिदीफिदी हसलं. सर हसले नाहीत. ते पडद्याजवळ गेले, भुवाजींच्या थांबलेल्या डोळ्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग हा सराव नाही, हिना. ही फिल्म आहे. वर्षाअखेरीला मला ही पुरी करून दे."

त्या दिवशी ती रिक्षा न करता होस्टेलवर चालत गेली. पाय जमिनीवर ठरत नव्हते. काव्यरत्नावली चौकात एक बाई फळांवर पाणी शिंपडत होती आणि हिनाला वाटलं, हाही शॉट आहे. रिंग रोडवर एक म्हातारा स्कूटरला किक मारून मारून घामाघूम झाला होता, तोही शॉट. सगळं जळगाव कुणीतरी तिच्यासाठी मांडून ठेवल्यासारखं दिसत होतं आणि इतके दिवस आपण इथून कशा डोळे मिटून जात होतो याचंच तिला नवल वाटत होतं. पण या सगळ्याच्या तळाशी ती नजर होती. लहानपणापासून हिनानं ती हजार वेळा पाहिली असणार. प्रेमकुंवर भुवा, पप्पांची मोठी बहीण; पप्पा त्यांचे धाकटे 'पारस'. लग्न होऊन अमळनेरला गेल्या, दोन वर्षांत नवरा गेला, आणि सासरच्यांनी एका पेटीसकट त्यांना धुळ्याला आणून सोडलं. तेव्हापासून खाली पप्पांचं भांड्यांचं दुकान आणि वर भुवाजींचं स्वयंपाकघर. मम्मीसुद्धा त्यांच्या हाताखालीच शिकली. संध्याकाळी गल्लीत लंगडी रंगात आली की वरून हाक यायची, उजेड आहे तोवर जेवून घे, आणि हिना पाय आपटत जिना चढायची. होस्टेलला आली त्या पहिल्या संध्याकाळी मैत्रिणींबरोबर गाडीवर पावभाजी खाल्ली, अंधार पडून कितीतरी वेळ झाला होता, पहिल्या घासाला जीव धास्तावला, दुसऱ्याला कमी, आणि प्लेट संपेपर्यंत ती भीती कुठे गेली ते कळलंही नाही. घरी मात्र तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मग शिकण्याचे महिने आले. तिची जोडीदारीण ललिता, चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाची. घरी पावसावरची शेती आणि डिंक-मोहाची वेचणी. ललिता बोलायची कमी आणि कॅमेरा धरायची असा की जणू कडेवर मूल घेतलंय. दोघींनी काय काय नाही शूट केलं. बसस्टँडवर फलाटाला लागणारी एसटी, केळीच्या पानावरून निथळणारं पाणी, होस्टेलच्या मावशींचे टाचा भेगाळलेले पाय. बहुतेक सगळं फुकट गेलं. कधी हात हलला, कधी फोकस माणूस सोडून मागच्या भिंतीवर जाऊन बसला. एकदा तर अर्धा तास शूट केलं आणि माइकचं बटणच दाबलेलं नव्हतं; त्या दिवशी दोघींनी एकमेकींशी अबोला धरला आणि संध्याकाळी एकाच वडापावावर सोडला. पण हळूहळू हात स्थिर झाले. शॉट घेताना श्वास कसा धरायचा, दारातून येणारा उजेड आणि ट्यूबलाइटचा उजेड एकमेकांत का मिसळू द्यायचे नाहीत, माणूस चालत फ्रेमबाहेर गेला तरी एक क्षण रिकाम्या जागेवर का थांबायचं, हे अंगात भिनत गेलं. आणि सूर्य. सकाळचा कोवळा, दुपारचा डोळ्यांखाली काळे खड्डे पाडणारा, आणि सगळ्यात लाडका तो मावळतीच्या आधीचा, जो कुठल्याही चेहऱ्याला सोन्याचं पाणी चढवतो. हिना आता दिवसभर मान वर करून सूर्य बघायची. ललिता चिडवायची, तूसुद्धा भुवाजी झालीस. फरक एवढाच की हिनाला त्यात फक्त दिवा दिसत होता, हे तिचं तिलाच समजलेलं नव्हतं.

फिल्म तिनं छोटी ठेवली. एका बाईचा एक दिवस, उगवतीपासून मावळतीपर्यंत, नाव 'उजेड आहे तोवर'. भुवाजींना पटवायला फार वेळ लागला नाही. त्यांनी फक्त विचारलं, लुगडं कोणतं नेसू, आणि आपल्या जैन स्थानकात कुणाला दिसणार नाही ना. पप्पा म्हणाले, कर बाई काय करायचं ते, गिऱ्हाईक दारात असताना जिन्यात वायरी पसरू नका. एप्रिलमधल्या एका शनिवारी दोघी कॉलेजचा कॅमेरा घेऊन धुळ्याला आल्या. तो रविवार हिना जन्मात विसरणार नव्हती. पहाटे पाणी गाळणाऱ्या भुवाजी, गाळण्याच्या कापडातून पडणारी धार आणि त्या धारेतून आरपार येणारा पहिला उजेड. ललितानं तो पहिल्याच टेकला पकडला आणि दोघींनी तोंडावर हात दाबून नाच केला. दुपारी ऊन इतकं की गच्चीवर ट्रायपॉडचे पाय हाताला चटके देत होते. भुवाजी सांगितलं तशा बसत होत्या, उठत होत्या, तीच मंगोडी चार-चारदा घालत होत्या. मध्ये मध्ये म्हणायच्या, यापेक्षा लग्नाचा स्वयंपाक सोपा. हिनाला सगळं हातात आल्यासारखं वाटत होतं. काय सांगावं आणि भुवाजींच्या चेहऱ्यावर काय उमटेल, याचा अंदाज बरोबर येत होता. ही बाई आपल्याला आज पहिल्यांदा दिसतेय असं वाटत होतं, आणि त्या वाटण्याची एक नशा होती.

शेवटचा शॉट तिनं मावळतीसाठी राखून ठेवला होता. एरवी भुवाजी आत स्वयंपाकघरात जेवायच्या. हिनानं त्यांचं ताट गच्चीवर मांडलं. फुलके, मंगोडीची भाजी, मुगाची डाळ, लोणच्याची फोड. भुवाजी पाटावर बसतील, मागे सूर्य घरांच्या ओळीवर टेकलेला असेल, त्या पहिला घास उचलतील, तो ओठांपर्यंत नेतील, आणि तिथेच फिल्म संपेल. त्यासाठी ताट प्रत्येक टेकला भरलेलंच दिसायला हवं, म्हणून तिनं बजावून सांगितलं, "भुवाजी, खायचं नाही. नुसता घास उचला, मी कट म्हटलं की परत ताटात ठेवा." पहिल्या वेळी फोकस गेला. दुसऱ्या वेळी शेजारच्या गच्चीवरून कुणी चादरी काढायला आलं. मग एकदा पदराची सावली चेहऱ्यावर पडली, एकदा भुवाजींनी चुकून कॅमेऱ्यात पाहिलं. प्रत्येक वेळी त्या घास उचलत होत्या आणि ताटात ठेवत होत्या, आणि उजेड मात्र टेकागणिक अधिक सुंदर होत चालला होता, पिवळा, मग केशरी, मग तांबूस. हिनाचं चालूच होतं. अजून एक, भुवाजी, अजून एकच. आणि मग तो टेक आला. सूर्याची शेवटची कोर भुवाजींच्या खांद्याशी, घासावर उजेड, हात स्थिर. हिना कट म्हणाली ती किंचाळूनच. ललितानं कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि पळत येऊन तिला मिठी मारली. कॅमेरा सकाळी परत द्यायचा होता, जळगावची गाडी चुकली असती. ललितानं समोर आलेलं ताट चार घासांत संपवलं, हिनानं सामान आवरलं, भुवाजींच्या पाया पडली आणि दोघी जिना उतरून धावत सुटल्या. गाडीत पारोळ्यापर्यंत त्या बोलतच होत्या.

एडिटिंगच्या खोलीत पाचव्या दिवशी ती त्या टेकपाशी पोचली. घास, उजेड, कट. पण शॉटची पट्टी तिथे संपत नव्हती. ललितानं दाबलेलं बटण नीट दाबलंच गेलं नव्हतं. कॅमेरा ट्रायपॉडवर तसाच चालू राहिला होता. हिनानं सहज पुढे जाऊ दिलं. भुवाजींनी घास ताटात ठेवला. मान वळवून मागे पाहिलं. घरांच्या ओळीवर आता काही नव्हतं. मग त्यांनी ताटाकडे पाहिलं, क्षणभरच, आणि ते दोन्ही हातांनी उचलून चौकटीच्या कडेला, आत येणाऱ्या ललिताच्या हातांपुढे सरकवलं. "तू जेव बेटा, सकाळपासून उभी आहेस." ललितानं पाण्याचा तांब्या पुढे केला, तर भुवाजींनी हात जोडले.  ललिता शेजारीच बसली होती. तिनं पडद्यावरचे आपलेच हात पाहिले, ते ताट पाहिलं आणि अहिराणीत म्हणाली, "हिना, ते ताट भुवाजीनं व्हतं? त्या जेवन्याच नहीत? आन् मी बठ्ठं खाई टाकं वं."

एप्रिलमधलं धुळं, दिवसभर तापलेली गच्ची, सबंध दिवस तिच्या सांगण्यावरून उठबस करणारी बासष्ट वर्षांची बाई, आणि रात्रभर पाण्याचा थेंब नाही. जिनं आयुष्यभर सूर्यावर घड्याळ लावलं तिच्यावर फिल्म करताना तिचाच सूर्य बुडवला. आणि एका शब्दानं बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फोनवरसुद्धा फक्त एवढंच, पोचलात ना नीट. हिनाला रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, तिचं बोट की-बोर्डवर होतं आणि डोकं लख्ख चालत होतं की फिल्मचा शेवट हा आहे. ठरवलेला नव्हे, हा. घास नव्हे, ताट सरकवणारे हात. असा शेवट कुणाला लिहून सुचला नसता. लाज आणि हर्ष एका घोटात प्यायल्यासारखं झालं, आणि दोहोंपैकी हर्ष जास्त होता याची आणखी लाज. तिनं शॉट जोडलेल्या हातांवर कापला. पुढे पट्टीवर अजून थोडं होतं, पण तिथे तिच्याच ओरडण्याचा आवाज सुरू होत होता, तो ऐकून ती कानकोंडी झाली आणि पुढचं तिनं पाहिलंच नाही. भुवाजींचा चेहरा जरा गडद केला. ताट सरकतं तिथून हळू बासरी टाकली. संध्याकाळी वर्गात कच्ची फिल्म दाखवली तेव्हा पहिल्या दिवशी फिदीफिदी हसलेला तो पोरगाही डोळे पुसत होता. हिनाला वाटलं, जमलं. आपल्याला हे जमतं. जन्मभर हेच करायचं. दिवे लागल्यावर दीपक सर पुढे आले. मग त्यांनी विचारलं, हे त्यांना दाखवलंस का? नाही म्हटल्यावर म्हणाले, सोमवारी जमा करायचीय, त्याआधी दाखवून ये. त्या नको म्हणाल्या तर मी घेणार नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीनं ती धुळ्याला निघाली. मांडीवर लॅपटॉप, आणि एरंडोल येईपर्यंत मनात पाच प्रकारे माफी मागून झाली होती. भुवाजी रागावतील याची भीती नव्हती, त्या रागावत नसत. भीती ही होती की त्या म्हणतील, काढून टाक, आणि मग हातात काही उरणार नाही. आणि त्याहून आतली, सांगायला जरा वाईट अशी, की त्या म्हणतील, असू दे बेटा, आणि आपण सुटकेचा श्वास टाकू. बाहेर कापूस काढून रिकामी पडलेली काळी रानं मागे पळत होती. बसच्या खिडकीची चौकट तिला सारखी सांगत होती, इथे कापलं असतं, इथे थांबलं असतं, पण आज ते तिला नको होतं.

दुपारी जेवणं उरकल्यावर भुवाजी स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि हिनानं लॅपटॉप डाळीच्या डब्यांना टेकवून ठेवला. माफी तिनं आधीच मागितली. भुवाजी म्हणाल्या, त्याचं काय एवढं, चार-चार दिवसांचे उपवास केलेली बाई मी, एक रात्र काय घेऊन बसलीस. फिल्म त्यांनी सबंध पाहिली. पाण्याची धार आली तेव्हा म्हणाल्या, हे आपलंच गाळणं का, किती देखणं दिसतंय. मंगोड्यांना मान डोलावली. मग गच्ची आली, घास, उजेड, सरकणारं ताट, बासरी, जोडलेले हात, अंधार. हिना त्यांच्याकडे बघत होती. भुवाजी पडद्याकडेच बघत राहिल्या, काळा झाला तरी. मग सावकाश म्हणाल्या, "मला बिचारी कशाला केलंस?"

हिना म्हणाली, बिचारी नाही भुवाजी, तुम्ही किती मोठं मन दाखवलंत ते आहे यात. भुवाजींनी मान हलवली. "मोठं मन नाही अन् काही नाही. विधवा बाई, उपाशी राहिली, पावा वाजतोय. अमळनेरहून आले तेव्हापासून लोक माझ्याकडे असंच बघतात. तू तर माझ्याच हातची वाढलेली, तूही तिथूनच बघितलंस." आवाज चढला नव्हता, पण हिनाला त्यांचा असा आवाज माहीत नव्हता. "हे असं खोटं ठेवायचं असेल तर सगळं काढून टाक, छोरी. मला दाखवूच नको कुणाला."

सगळं.  त्या क्षणी तिला दिसलं ते सहा महिन्यांचं काम नव्हतं, सोमवारही नव्हता. वर्गात डोळे पुसणारी ती पोरं दिसली, आणि आपण त्यांना नेमकं काय दाखवून रडवलं हे कळलं. खोटं कुठे आहे, तिनं विचारलं. तुम्ही ताट दिलंत, पाणी नाकारलंत, हे तर झालंच ना. भुवाजी म्हणाल्या, झालं, पण त्यानंतर मी हसले होते. ते कुठे गेलं?

हिनानं एडिटिंग उघडून शॉटची कड धरली. एखादं पांघरूण ओढून घ्यावं तशी ती कड उजवीकडे ओढत नेली, कापलेला सगळा भाग परत येईपर्यंत. बासरी पुसून टाकली. चेहरा होता तसा उजळ केला. आणि पहिल्यांदा पुढचं पाहिलं. जोडलेले हात खाली आले. पडद्याबाहेरून एक मुलगी घसा फाटेस्तोवर ओरडत होती, झालं, झालं, पिक्चर झाला माझा, आणि धपाधप उड्यांचा आवाज येत होता. चौकटीच्या कडेला एक नाचणारी ओढणी आली आणि गेली. भुवाजींनी तिकडे पाहिलं, आधी दचकून, मग डोळे बारीक करून, आणि मग त्यांचं हसू फुटलं. पदर तोंडाशी न नेता, सगळे दात दिसतील असं. हसता हसता त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं, जसं काही विचारत होत्या, बघितलंत का हे कार्टं?

"ही कोण ओरडते?" शेजारच्या खऱ्या भुवाजींनी विचारलं, माहीत असून. हिना म्हणाली, मी. आवाज कापते मी, शूटिंग करणाऱ्यांचा आवाज फिल्ममध्ये येऊ द्यायचा नसतो. भुवाजींनी तिचा हात धरला. "राहू दे तो. खाली दुकान, म्हणून या घरात वर हळू बोलायचं. परत आले तेव्हा मी रडले तेसुद्धा तोंडात पदर कोंबून. खुशीनं इतकं मोठ्यानं या घरात कुणी ओरडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. गल्ली वर बघायला लागली होती. भूक कसली आठवते मग?"

 हिनानं डोळे पुसले, तो आवाज तसाच ठेवून फिल्म तयार करायचं शेवटचं बटण दाबलं आणि दोघी शेजारी शेजारी बसून किती काम झालं ते दाखवणारी निळी रेघ भरत जाताना बघत राहिल्या. रेघ पुरी झाली. हिनाच्या तोंडून निघालेला आवाज तिला आवरता आला नाही. डाळीचा डबा कलंडला, झाकण घरंगळत जिन्यापर्यंत गेलं. खालून पप्पांचा आवाज आला, गिऱ्हाईक आहे, वर काय चाललंय. हिनानं जीभ चावली. भुवाजी मात्र गुडघ्यावर हात टेकून उठल्या, जिन्याच्या तोंडाशी गेल्या, आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पारस, आमचा पिक्चर झाला!"